आम्ल किती, यावर धातू ठरतो

झवेरी बाजाराच्या मागच्या गल्ल्यांत सोनं गाळणारे अनेक कारागीर विटा-खानापूरकडचे. गलाईवाले. अशुद्ध सोनं ते आम्लराजात विरघळवतात. तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. खरी कसोटी त्यानंतरची. नायट्रिक आम्ल मागे राहिलं तर खाली बसू लागलेलं सोनं पुन्हा विरघळतं. म्हणून आधी युरिया घालून ते संपवायचं, फेस थांबू द्यायचा, मगच सोडियम मेटाबायसल्फाईट टाकायचं. तळाशी तपकिरी भुकटी बसते. ते शुद्ध सोनं! प्रत्येक वेळी नवल वाटावं असंच हे आहे.

आम्ल धातूला नुसतं विरघळवत नाही, धातू निवडतंही. शेतकरी जमिनीचा सामू (pH; अंक जितका कमी तितकं आम्ल जास्त) तपासतो, तोच सामू कारखान्यात चाळणी होतो. तांब्याच्या आम्लद्रावात गंजलेलं लोखंड मिसळलं असेल, तर चुना घालून सामू 3 च्या थोडा वर नेतात. लोखंडाचा तांबूस साका बसतो, तांबं द्रावात राहतं. सामू 5 च्या पुढे गेला की तांबंही साक्यात जाऊ लागतं. दोन अंकांची ही जागा ऐसपैस नाही. सामूचा एक अंक म्हणजे आम्लतेत दहापट फरक. शिवाय कालवलेला चुना टाकीत जिथे पडतो तिथे, ढवळून मिसळण्याआधीच, सामू क्षणभर भलताच चढतो आणि तेवढ्यात थोडं तांबं साक्यात अडकतं. म्हणून चुना सावकाश घालायचा. सामू मोजणाऱ्या काचेच्या नळीवरही साका चढतो आणि आकडा चुकतो. ती वरचेवर धुवावी लागते.

ट्रॉम्बेला जानेवारी 1959 मध्ये अणुभट्टीच्या दर्जाच्या युरेनियमची पहिली लगड तयार झाली. युरेनियमचा द्राव इतका आम्ल असतो की सामूची पट्टी तिथे अपुरी पडते. लिटरमागे आम्ल किती, हेच मोजतात. नायट्रिक आम्लातलं युरेनियम ट्रायब्युटिल फॉस्फेट मिसळलेल्या रॉकेलसारख्या तेलाबरोबर घुसळलं, की ते तेलात चढतं आणि बहुतेक अशुद्ध घटक खाली पाण्यात राहतात. तेच तेल जवळजवळ निव्वळ पाण्याबरोबर घुसळलं, की युरेनियम पुन्हा पाण्यात उतरतं. बदलली ती फक्त आम्लाची तीव्रता.

1964 पासून ट्रॉम्बेत प्लुटोनियमही वेगळं होऊ लागलं. तिथे आम्ल फार उतरू देऊन चालत नाही. प्लुटोनियमचे कण साखळीसारखे एकमेकांना जोडले जातात, नळ्यांत साचतात, आणि मग आम्ल पुन्हा वाढवलं तरी ते सहजासहजी सुटत नाहीत.