देसाऊची बाउहाउस वारसाफेरी

जर्मनीच्या सॅक्सनी-अनहाल्ट राज्यातील देसाऊ या छोट्या शहरात १९२५ ते १९३२ या काळात उभारलेल्या आरंभीच्या आधुनिकतावादी वास्तू पायी फिरून पाहण्याचा उपक्रम. शेजारच्या रॉसलाऊशी २००७ मध्ये जोडल्या गेलेल्या या शहराची लोकसंख्या ऐंशी हजारांच्या आसपास आहे. इतक्या लहान जागी एकाच विचाराने बांधलेल्या शाळा, बंगले, कामगार वसाहत, सरकारी कचेरी आणि उपाहारगृह अशा वेगवेगळ्या प्रयोजनांच्या इमारती अन्यत्र क्वचितच आढळतात.

बाउहाउस ही कला, हस्तव्यवसाय आणि वास्तुकला एकत्र शिकवणारी संस्था वाल्टर ग्रोपिउस याने १९१९ मध्ये वायमार येथे स्थापन केली. तेथील प्रांतिक सरकार उजव्या पक्षांच्या हाती गेल्यावर तिचे अनुदान कापले गेले, तेव्हा देसाऊचे महापौर फ्रिट्झ हेसे यांनी तिला आपल्या शहरात बोलावून घेतले. युंकर्स विमान कारखान्यामुळे देसाऊ वाढत होते आणि कामगारांना घरे कमी पडत होती. संस्थेला मिळालेल्या बांधकामांमागे कलाप्रेमाइतकीच ही निकडही होती. पूर्ण फेरीचा अर्थ या पार्श्वभूमीवरच लागतो.

फेरी बहुधा रेल्वे स्थानकाच्या पश्चिमेकडील मुख्य इमारतीपासून सुरू होते. ४ डिसेंबर १९२६ रोजी उद्घाटन झालेल्या या इमारतीत कार्यशाळा, तांत्रिक विद्यालय आणि विद्यार्थ्यांची पाच मजली निवासशाखा असे तीन भाग आहेत. पहिल्या दोहोंना रस्त्यावरून जाणारा पूल जोडतो व तेथे कार्यालये होती. काँक्रीटच्या सांगाड्याने सगळा भार पेलल्यामुळे कार्यशाळेची भिंत भार न वाहणारी, सलग काचेची करता आली. दर्शनी बाजू म्हणावी अशी एकही बाजू येथे नाही. भोवताली चालत गेल्याशिवाय ही इमारत कळत नाही, असे ग्रोपिउसचेच म्हणणे होते, आणि पायी फेरीचे याहून चांगले समर्थन सापडणार नाही. १९४५ च्या बाँबहल्ल्यात तिचे मोठे नुकसान झाले. आज दिसणारी काचेची भिंत १९७६ च्या पुनर्बांधणीतील आहे. निवासशाखेतील काही खोल्यांत आता पाहुण्यांना मुक्काम करता येतो.

तेथून थोड्या अंतरावर, एबर्टआले या रस्त्यालगतच्या पाइन वृक्षांत, शिक्षकांची घरे आहेत. ग्रोपिउसचा स्वतंत्र बंगला आणि तीन जोडघरे असा हा समूह होता. जोडघरातील एका अर्ध्या भागाचा आराखडा ९० अंशांत फिरवून दुसरा भाग रचला असल्याने दोन्ही घरे एकसारखी असूनही तशी भासत नाहीत. ‘आधुनिक म्हणजे पांढरे’ हा समज संस्थेत शिकवणारे चित्रकार कांडिन्स्की आणि पाउल क्ले यांच्या जोडघरात शिरताच गळून पडतो, कारण जीर्णोद्धारात तेथील भिंतींवर शंभराहून अधिक रंगछटा आढळल्या. युद्धात ग्रोपिउसचा बंगला आणि मोहोली-नॉज या शिक्षकाचे अर्धे घर नष्ट झाले. २०१४ मध्ये त्यांच्या जागी मूळ आकारमान पाळणारी, पण तपशील जाणूनबुजून पुसट ठेवलेली घरे उभी राहिली. हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा हा मार्ग प्रामाणिक वाटतो, जरी ती घरे अपुरी राहिल्यासारखी वाटल्याची तक्रार काही पर्यटक करतात.

उत्तरेला एल्बे नदीच्या बांधावर वास्तुविशारद कार्ल फीगरने १९२९-३० मध्ये बांधलेले कोर्नहाउस हे उपाहारगृह आहे. मध्यवर्ती भागात ग्रोपिउसचे रोजगार कार्यालय (१९२८-२९) दिसते. पिवळ्या विटांच्या या अर्धवर्तुळाकार इमारतीत नोकरी शोधणाऱ्यांना व्यवसायानुसार वेगळ्या दारांनी आत घेतले जाई आणि छतातील काचांतून उजेड येई. जवळच सप्टेंबर २०१९ मध्ये उघडलेले बाउहाउस संग्रहालय आहे.

सर्वांत बोधप्रद टप्पा मात्र दक्षिणेकडील ट्योर्टेन वसाहतीचा आहे. मध्यभागापासून ती दूर असल्याने बहुतेक लोक तेथवर ट्रामने जातात, आणि पुष्कळसे जातच नाहीत. १९२६ ते १९२८ दरम्यान येथे ३१४ घरे बांधली गेली. जागेवरच मिळणाऱ्या वाळू-खडीपासून काँक्रीटचे ठोकळे व तुळया पाडून, क्रेन व रूळ वापरून, कारखान्यातील क्रमाने काम उरकले जाई. घर सुमारे ५७ ते ७५ चौ.मी.चे असे व मागे भाजीपाल्यासाठी परसबाग असे. पहिल्या टप्प्यात खिडक्यांचे तळ उंच ठेवल्याने रहिवासी नाराज झाले. पुढे मालकांनी खिडक्या, दारे आणि रंग आपापल्या सोयीने बदलले, त्यामुळे वसाहतीचे मूळ रूप आज मोजक्याच घरांवर दिसते. शिक्षकांचे प्रशस्त बंगले आणि ही घरे एकाच दिवशी पाहिल्यास त्या चळवळीतील अंतर्विरोध उघडा पडतो.

हा अंतर्विरोध ग्रोपिउसनंतर १९२८ मध्ये संचालक झालेल्या हानेस मायरलाही जाणवला होता. ‘चैनीच्या नव्हे, जनतेच्या गरजा’ हे त्याचे सूत्र होते. त्याच्या विभागाने १९२९-३० मध्ये ट्योर्टेनलगत एका सहकारी गृहनिर्माण संस्थेसाठी लाल विटांच्या पाच इमारती बांधल्या. उघड्या सज्जांवरून प्रवेश असलेली एकूण ९० घरे त्यांत आहेत, प्रत्येकी सुमारे ४८ चौ.मी.ची. मुख्य इमारत व शिक्षकांची घरे १९९६ मध्येच युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली होती. या चाळवजा इमारतींना तो मान २०१७ मध्ये मिळाला. एक सदनिका मूळ स्वरूपात पाहण्यासाठी ठेवली आहे, बाकीच्यांत आजही भाडेकरू राहतात.