प्रतिरहस्यकादंबरी आणि मुंबईचा मराठी वाचक

खून, तपास, संशयित, पुरावे असा रहस्यकथेचा सगळा सरंजाम मांडून वाचकाला हवी असलेली उकल न देणाऱ्या, किंवा ती देऊनही दुय्यम ठरवणाऱ्या साहित्यिक कादंबरीला प्रतिरहस्यकादंबरी म्हणतात. हिच्यात कधी खुनी सापडतच नाही, कधी तो निव्वळ योगायोगाने हाती लागतो. कधी तपास पुढे जातो तसा खुनाहून मोठा प्रश्न उभा राहतो आणि ‘कोणी मारले’ हे मागे पडते. अशा पुस्तकांवर वाचकांची मते जितकी टोकाला जातात, तितकी सरळ रहस्यकथेवर जात नाहीत आणि सरळ सामाजिक कादंबरीवरही जात नाहीत. मुंबईच्या मराठी वाचकांत ही दुफळी विशेष ठळक आहे. या शहरात रहस्यकथेची आणि प्रयोगशील साहित्याची वाचनपरंपरा शेजारी शेजारी, पुष्कळदा एकाच घरात वाढली.

वाचकाला राग का येतो, हे समजण्यासाठी आधी रहस्यकथेचे नियम पाहावे लागतात. एडगर ॲलन पोच्या १८४१ मधील कथेपासून आधुनिक गुप्तहेरकथेची सुरुवात मानतात. पुढच्या काळात लेखक आणि वाचक यांच्यात जणू एक करारच ठरत गेला. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज धर्मगुरू-लेखकाने १९२९ मध्ये त्याची दहा कलमे लिहून काढली. गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवायचा नाही, गुप्तहेराने स्वतः गुन्हा करायचा नाही, अलौकिक शक्तींची मदत घ्यायची नाही, अशी ती कलमे होती. १९३० मध्ये लंडनला रहस्यकथाकारांचा ‘डिटेक्शन क्लब’ स्थापन झाला. त्यात येणाऱ्या लेखकाला वाचकाशी प्रामाणिक खेळण्याची शपथ घ्यावी लागे. करार मोडल्याची ओरड मात्र त्याआधीच सुरू झाली होती. ॲगाथा ख्रिस्तीच्या १९२६ मधील एका कादंबरीचा शेवट वाचून काही वाचकांनी ही शुद्ध फसवणूक आहे असे म्हटले, तर काहींनी तोच शेवट या प्रकारातला सर्वांत हुशार डाव ठरवला. (तो शेवट इथे सांगितलेला नाही. ज्यांनी पुस्तक वाचलेले नाही त्यांचा आनंद हिरावून घेण्याचे कारण नाही.)

खरी मोडतोड झाली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. फ्रान्समध्ये आलँ रोब-ग्रिए याची तपासावर बेतलेली कादंबरी १९५३ मध्ये आली. इटलीत कार्लो एमिलिओ गाद्दाने रोममधल्या एका रस्त्यावरच्या खुनाची गोष्ट १९५७ मध्ये पुस्तकरूपाने दिली, पण खुन्याचे नाव पक्के न करताच ती थांबवली. सर्वांत थेट घाव घातला तो स्विस लेखक फ्रीडरिश ड्युरेनमाट याने. १९५८ मधल्या आपल्या कादंबरीला त्याने ‘रहस्यकादंबरीसाठी मृत्युप्रार्थना’ अशा अर्थाचे उपशीर्षकच दिले. त्यातला तपास अधिकारी एका मृत मुलीच्या आईला खुनी शोधून देण्याचे वचन देतो, नोकरी सोडतो, पेट्रोल पंप घेऊन बसतो आणि वाट पाहतो. त्याचा तर्क संपूर्ण बरोबर असतो. पण खुनी त्याच्याकडे येण्याच्या वाटेवरच अपघातात मरतो. अधिकाऱ्याला ते कळत नाही आणि वाट पाहता पाहता त्याच्या आयुष्याची माती होते. वाचकाला मात्र सत्य सांगितले जाते. ड्युरेनमाट वाचकाचे देणे बुडवत नाही. तो फक्त बुद्धीचा विजय होईलच, ही हमी काढून घेतो. उकल न देणारे सगळे लेखक इतके काटेकोर नसतात, आणि मतभेदाचे अर्धे मूळ इथेच आहे.

आता मुंबई. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू ही त्यांची पात्रे गिरगाव-परळच्या चाळींत घरच्या माणसांसारखी ओळखीची होती. पुस्तक छोटे, एका बैठकीत संपणारे, वाचनालयातून रोजच्या भाड्याने आणायचे आणि दुसऱ्या दिवशी बदलायचे. घरातल्या एकाने आणलेले पुस्तक परत जाईपर्यंत चार जणांचे वाचून व्हायचे. या कथांना ‘वेळ घालवायची पुस्तके’ म्हणून हिणवले गेले आणि तो अन्याय होता. ज्या वाचकाला कोर्टकचेरीची पायरी परवडत नव्हती, त्याला दीडशे पानांत गुन्हेगार सापडतो आणि शिक्षा होते हे वाचायला मिळत होते. कायद्याच्या हाती न लागणाऱ्याला काळापहाड गाठतो, याचे समाधान निव्वळ करमणुकीपलीकडचे होते. या वाचकाच्या लेखी शेवटची उकल म्हणजे न्याय. ती काढून घेतली की त्याला कोडे अर्धवट राहिल्याची चुटपुट लागत नाही, गुन्हेगार सुटल्याची चीड येते. पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांनी हा वाचकवर्ग टिकवला आणि वाढवला.

याच गिरगावात खटाववाडीतून मौज प्रकाशनाचे साहित्यविश्व चालत होते. १९३३ मध्ये सुरू झालेले ‘सत्यकथा’ मासिक १९८२ मध्ये बंद पडेपर्यंत मराठी नवसाहित्याचे मुख्य व्यासपीठ राहिले. साठच्या दशकात त्याच्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या लघुअनियतकालिकांचा, म्हणजे अनियमितपणे निघणाऱ्या छोट्या बंडखोर अंकांचा, जोरही मुंबईतच होता. या वाचनात घडलेल्या माणसाला अपुरा शेवट, तुटक निवेदन, ज्याच्या सांगण्यावर भरवसा ठेवता येत नाही असा निवेदक यांची सवय होती. कथानकाला घट्ट गाठ मारली की त्यालाच उलट संशय यायचा. गुप्तहेर हरतो, पुरावे वेगवेगळ्या दिशांना बोट दाखवतात, भाषा तपासापेक्षा जास्त जागा घेते, हे सारे त्याला जगण्याच्या जवळचे वाटते.

म्हणून एखादी प्रतिरहस्यकादंबरी वाचनकट्ट्यावर चर्चेला आली की वाक्ये ठरल्यासारखी येतात. ‘लेखकाला शेवट सुचलाच नाही’, ‘चारशे पानं वाचून हाती काय?’, ‘शेवट गुंडाळला’ ही एका बाजूची. ‘खुनी कोण हा प्रश्नच नाहीये’, ‘पुन्हा वाचा, मग कळेल’ ही दुसरीकडची. यातले ‘पुन्हा वाचा’ हे उत्तर फार वेळा आळसातून दिले जाते. उकल मागणारा वाचक अडाणी आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात उकल मागणारा वाचक अतिशय दक्ष असतो. कोणत्या पानावर दार आतून बंद होते आणि कोणत्या पानावर ते उघडे दिसते, हे त्याच्या लक्षात राहते. लेखकाने पेरलेला दुवा पुढे जाणूनबुजून निरर्थक ठरवला आहे की तो लेखकाच्याच हातून विसरला गेला आहे, हा फरक सर्वांत आधी ओळखतो तो हाच वाचक. आणि प्रतिरहस्यकादंबरीची पारख याच फरकावर होते. दुवे नेमके असतील, तपास प्रामाणिक असेल आणि तरीही उत्तर हातातून निसटत असेल, तर ते निसटणे काहीतरी सांगते. मुळात दुवेच ढिसाळ असतील, तर ‘आयुष्य असेच असते’ हे समर्थन पुस्तकाला वाचवू शकत नाही.

या वादाची एक खास मराठी बाजू आहे. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांच्या गूढकथांनी मुंबईच्या वाचकाला उत्तराविना थांबायला शिकवले होते. ‘धनंजय’, ‘नवल’ यांसारख्या दिवाळी अंकांत रहस्यकथा आणि गूढकथा शेजारी शेजारी छापल्या जात. एकच वाचक एका कथेत खुन्याचे नाव मागे आणि पुढच्या कथेत न उलगडलेल्या भीतीने तृप्त होई. म्हणजे अडचण उकल नसण्याची नाही. गूढकथा पहिल्या परिच्छेदापासून सांगते की इथे तर्काचे राज्य नाही. प्रतिरहस्यकादंबरी मात्र तर्काचे राज्य आहे असे भासवून सुरुवात करते. तक्रार या भासवण्याबद्दल असते. आणि या प्रकाराचे बळही त्याच भासवण्यात असते, कारण वाचक तपासाला लागल्याशिवाय तपासाचे अपयश त्याला लागत नाही.

वाचण्याच्या परिस्थितीचाही परिणाम होतो, आणि त्याचा विचार समीक्षेत क्वचितच दिसतो. विरार-चर्चगेट किंवा कल्याण-सीएसएमटी लोकलमध्ये वाचणारा माणूस पुस्तक तुकड्यातुकड्यांनी वाचतो. सकाळी उभ्याने दहा पाने, संध्याकाळी खिडकी मिळाली तर वीस. सरळ रहस्यकथा अशा वाचनाला साजेशी असते, कारण प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी पुढची ओढ बांधलेली असते. प्रतिरहस्यकादंबरीत पन्नास पानांपूर्वीचे वाक्य बदललेल्या अर्थाने परत येते, आणि मधल्या चार दिवसांत ते विसरलेले असते. एकच पुस्तक सुट्टीत सलग वाचणाऱ्याला बांधीव वाटते आणि प्रवासात वाचणाऱ्याला विस्कळीत, ते यामुळे. दोघांचेही मत खरे असते.

मुंबई हे अशा कादंबऱ्यांचे घटनास्थळही आहे, पण त्यांतल्या ठळक कादंबऱ्या इंग्रजीत आहेत. एच. आर. एफ. कीटिंग या इंग्रज लेखकाने १९६४ मध्ये मुंबई गुन्हे अन्वेषण विभागाचा इन्स्पेक्टर गणेश घोटे उभा केला, तोही भारतात पाऊल न ठेवता. ज्या ‘खुना’चा तपास घोटे करतो त्यातला माणूस मुळात मेलेलाच नसतो. कादंबरीचे खरे लक्ष घोटेच्या अवघडलेपणावर, वरिष्ठांपुढच्या त्याच्या कुचंबणेवर आहे. १९८८ मध्ये निघालेल्या चित्रपटात ही भूमिका नसीरुद्दीन शाह यांनी केली. विक्रम चंद्रा यांच्या २००६ मधील ‘सेक्रेड गेम्स’मध्ये गणेश गायतोंडे हा गुंड सुरुवातीलाच मरतो आणि नंतरच्या शेकडो पानांत तोच आपली कहाणी सांगत राहतो. कुणी मारले हा प्रश्न तिथे पहिल्यापासूनच नाही. सरताज सिंग या पोलीस अधिकाऱ्याला छळतो तो ‘का’ आणि ‘पुढे काय’ हा प्रश्न.

मराठी वाचकाला सर्वांत जवळची वाटावी अशी कादंबरी म्हणजे जेरी पिंटो यांची ‘मर्डर इन माहीम’ (२०१७). माटुंगा रोड स्टेशनच्या सार्वजनिक स्वच्छतागृहात एका तरुणाचे प्रेत सापडते. पीटर डिसूझा हा निवृत्त पत्रकार आणि त्याचा मित्र इन्स्पेक्टर जेंडे तपासात ओढले जातात. आपला मुलगा समलिंगी असेल का, ही पीटरची भीती तपासाइतकीच जागा व्यापते. पुस्तक आले तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे भारतीय दंड संहितेचे कलम ३७७ पूर्णपणे लागू होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ते कायम ठेवले होते आणि प्रौढांमधील संमतीच्या संबंधांना त्यातून वगळणारा निकाल ६ सप्टेंबर २०१८ रोजी आला. म्हणजे कादंबरीतले बळी, साक्षीदार आणि संशयित कायद्याच्या लेखी आधीच गुन्हेगार होते. साक्ष द्यायची तर स्वतःचा ‘गुन्हा’ सांगावा लागतो, अशी ती कोंडी आहे. खुनी इथे सापडतो, तरीही वाचकांची मते फुटतात. रहस्य विरळ आहे, तपास योगायोगावर चालतो, ही तक्रार खोटी नाही. पण साक्षीदार बोलू शकत नाहीत अशा शहरात तपास चिरेबंद चालला असता तर तोच बनावट वाटला असता. दादर-माहीमचे रस्ते, जेंड्यांच्या घरची आणि डिसूझांच्या घरची वेगवेगळी मुंबई, बाप-लेकातले न बोललेले, हेच या पुस्तकाचे खरे काम आहे आणि ते त्याने मनापासून केले आहे.

२०२४ मध्ये तिच्यावर वेबमालिका आली. विजय राज यांनी जेंडे आणि आशुतोष राणा यांनी पीटर उभा केला. मालिका पाहून कादंबरीकडे येणारा वाचक खुन्याची वाट पाहत वाचतो. शिवाय वाचनालयात पुस्तक ‘रहस्यकथा’च्या कपाटात ठेवले आहे की ‘कादंबरी’च्या, यावरही ते कोणाच्या हाती पडणार हे ठरते. पहिल्या कपाटातून नेणारा निराश होण्याची शक्यता अधिक असते, आणि दुसऱ्या कपाटातून नेणाऱ्याला तपासातले बारीक विणकाम पाहण्याची सवय नसते. वाचनालयाच्या जुन्या रहस्यकथांत पहिल्या पानावर पेन्सिलीने खुन्याचे नाव लिहून ठेवण्याचा खोडसाळपणा चाले. या प्रकारच्या कादंबरीत तसे नाव लिहिले तरी वाचायचे बरेच काही शिल्लक राहते.