टॅक्ट टाइम आणि सायकल टाइम: ठेका कुणाचा, हात कुणाचा

"तुमचा टॅक्ट टाइम किती?" असं लाइनवर विचारलं की अनेकदा सुपरवायझर स्टॉपवॉच शोधायला लागतात. गोंधळ तिथेच आहे. स्टॉपवॉचने मोजता येतो तो सायकल टाइम: एक जॉब (म्हणजे काम करायचा नग) उचलल्यापासून पुढचा जॉब उचलेपर्यंतचा वेळ. टॅक्ट टाइमसाठी मशीनजवळ जावंच लागत नाही. हातातला वेळ भागिले ग्राहकाला हवे असलेले नग, एवढंच त्याचं गणित.

टॅक्ट हा जर्मन शब्द, अर्थ ताल. १९३० च्या दशकात जर्मनीच्या विमान कारखान्यांत तो वापरात आला आणि पुढे टोयोटाच्या पद्धतीत रुजला. ढोलपथक पाहिलेल्याला हे वेगळं समजवायला नको. एखाद्याचा हात कितीही जलद चालत असो, टिपरू पडायचं ते ठेक्यावरच. कारखान्यात हा ठेका ग्राहक देतो.

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात सहज दिसेल अशी तीन टप्प्यांची लाइन घेऊ. आठ तासांची शिफ्ट म्हणजे ४८० मिनिटं. जेवणाची ३० आणि दोन चहांची २० वजा केली की ४३० मिनिटं उरतात, म्हणजे २५,८०० सेकंद. ग्राहकाला शिफ्टला ४०० नग हवेत. टॅक्ट आला ६४.५ सेकंद.

आता स्टॉपवॉच काढा. सीएनसी टर्निंग (संगणकावर चालणाऱ्या लेथवर जॉब गोल कातणं) ५२ सेकंद, ड्रिलिंग ७०, बर (कडेला राहिलेली धातूची कुसळं) काढून तपासणी ३८. (सीएनसीच्या स्क्रीनवर ४१ दिसतील, लोडिंग-अनलोडिंगचे ११ धरायला लोक हमखास विसरतात.) सीएनसीवाला न थांबता चालला तर शिफ्टला ४९६ नग काढेल. ड्रिल मात्र ३६८ च्या वर जाणार नाही. संध्याकाळी चित्र असं असतं: सीएनसीच्या ऑपरेटरला शाबासकी, ड्रिलपुढे १२८ नगांनी भरलेल्या ट्रॉल्या आणि डिस्पॅचला ३२ नग कमी.

मला यातलं सगळ्यात जास्त खुपतं ते त्या ट्रॉल्यांचं. ७० सेकंदांच्या वेगाने १२८ नग संपायला जवळजवळ अडीच तास लागतात. टर्निंगमध्ये व्यास चुकला आणि तो ड्रिलच्या फिक्स्चरमध्ये (जॉब पकडून ठेवणाऱ्या साच्यात) जॉब बसेना तेव्हा कळला, तर तोवर अडीच तासांचा माल संशयात सापडलेला असतो. टोयोटाची ही पद्धत घडवणाऱ्या ताईची ओनो यांनी गरजेपेक्षा जास्त उत्पादन ही सर्वांत वाईट नासाडी मानली, ती याचसाठी. ती बाकीच्या चुका पोटात घेऊन बसते. दोष त्या ऑपरेटरचा नाही. त्याला कुणी ठेकाच सांगितलेला नाही, फक्त "मशीन थांबता कामा नये" एवढंच सांगितलंय.

मग नवीन ड्रिलिंग मशीन घ्यायचं? आधी ७० सेकंदांत काय काय होतं ते उभं राहून बघा. त्यातले ९ सेकंद चॅम्फर मारण्यात (धारदार कड तिरकी कापण्यात) जात असतील आणि ते काम पुढच्या टेबलावर होण्यासारखं असेल, तर ड्रिल ६१ वर येतं आणि शेवटचा टप्पा ४७ वर जातो. तिन्ही टप्पे टॅक्टच्या आत आले. खर्च एका हँड टूलचा. सीएनसी ५२ वरून ४५ वर आणायला हजारो रुपयांचं टूलिंग घेतलं असतं, तरी ग्राहकाला एकही नग जास्त मिळाला नसता.

पुढच्या महिन्यात मागणी ३०० वर आली, तर टॅक्ट होतो ८६ सेकंद. मशीन तीच, माणसं तीच. ज्या ७० सेकंदांवरून आधी घाम फुटला होता, ते आता आरामात बसतात. म्हणून नुसता सायकल टाइम सांगून लाइन हळू आहे की जलद, हे ठरवताच येत नाही.

आणखी एक चूक फार होते. रोज मशीन ४० मिनिटं बंद पडतं म्हणून ती ४० मिनिटंही उपलब्ध वेळेतून वजा करतात. तसं करू नये. चहा-जेवण ठरलेलं असतं, बिघाड नव्हे. बिघाड वजा केला की तो टॅक्टमध्ये मुरून जातो आणि मग त्याबद्दल कुणी विचारतही नाही. टॅक्ट ६४.५ च ठेवावा. प्रत्यक्ष काम मात्र त्याहून थोडं कमी वेळात बसवावं, म्हणजे लहानसहान अडथळ्यांना जागा राहते.

लाइनवर ज्या बोर्डावर तासाचा हिशेब लिहितात, तिथे पहिल्या रकान्यात टॅक्टवरून आलेला आकडा टाका: पूर्ण तासाला ५५. शेजारी प्रत्यक्ष निघालेले नग. तिसरा रकाना कारणाचा, आणि ४८ निघाले की तो ऑपरेटरने स्वतःच्या हाताने भरायचा: "ड्रिल बिट तुटला, १० मिनिटं." दुसऱ्या दिवशी सकाळी सुपरवायझरने आधी तो तिसरा रकाना वाचायचा.