कमांड आहे का, आणि तिला हे येते का? चाचण्यांमधील एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत ऐरोली-महापेच्या सॉफ्टवेअर कंपन्यांत एकच चाचणी स्क्रिप्ट (सॉफ्टवेअर तपासणाऱ्या आदेशांची फाइल) प्रोग्रामरच्या मॅकवर, लिनक्सच्या बिल्ड सर्व्हरवर आणि आल्पाइन या छोट्या लिनक्स वितरणाच्या कंटेनरमध्ये, म्हणजे बंदिस्त वातावरणात, चालवण्याची वेळ सर्रास येते. सेड (मजकूर बदलणारी), ग्रेप (मजकूर शोधणारी), स्टॅट (फाइलची माहिती देणारी) या कमांडांची नावे तिन्हीकडे तीच असली, तरी त्यांमागची घराणी अनुक्रमे बीएसडी, ग्नू आणि बिझीबॉक्स अशी निराळी आहेत. म्हणून स्क्रिप्टला आधी दोन गोष्टी पाहाव्या लागतात: हवी ती कमांड इथे आहे का, आणि तिला हवे ते काम येते का.

यंत्रणेच्या नावावरून अंदाज न बांधता हवी ती गोष्ट करूनच पाहावी, हा पायंडा १९९१ मध्ये सुरू झालेल्या ऑटोकॉन्फ या, प्रोग्राम बांधण्याआधी यंत्रणा तपासणाऱ्या साधनाने रुळवला. पुढच्याच वर्षी शेल (आदेश वाचून चालवणारा प्रोग्राम) आणि कमांडांचे पॉझिक्स हे युनिक्ससदृश यंत्रणांसाठीचे सामाईक मानक आले. साधन जागेवर आहे का हे सांगणारा 'कमांड' या आदेशाचा 'व्ही' फ्लॅग (आदेशाला जोडायचे अक्षर) मात्र त्यात ऐच्छिक भागात राहिला आणि सर्वांवर बंधनकारक व्हायला २००८ ची आवृत्ती यावी लागली.

मधली पोकळी कमांड कुठे आहे ते शोधणाऱ्या 'व्हिच'ने भरून काढली. तो मूळचा सी-शेल या जुन्या शेलच्या गोतावळ्यातला. मानकात त्याला कधीच जागा मिळाली नाही. काही जुन्या युनिक्सांवर साधन न सापडल्याचे छापूनही तो एक्झिट कोड (काम संपल्यावर परत येणारा आकडा, शून्य म्हणजे यश) शून्यच देई, म्हणजे चाचणीला होकारच कळे. २०२१ मध्ये एका मोठ्या लिनक्स वितरणाच्या देखभालकर्त्याने 'व्हिच' कालबाह्य ठरवून प्रत्येक वापरावर त्रुटी-प्रवाहात (चुकांचे संदेश जिथे छापले जातात तिथे) इशारा छापायला सुरुवात केली. तांत्रिकदृष्ट्या त्याची बाजू भक्कम होती. पण त्रुटी-प्रवाह रिकामा असावा असे गृहीत धरणाऱ्या चाचण्या या एका ओळीने कोलमडतात, याचा विचार पुरेसा झाला नव्हता. वाद वितरणाच्या निवाडा समितीपुढे गेला आणि इशारा काढावा, 'व्हिच' उपलब्ध राहावा, असा निर्णय झाला. चालत्या स्क्रिप्टांच्या दृष्टीने तो योग्यच होता, मात्र नव्या स्क्रिप्टांतून 'व्हिच' हद्दपार होण्याची संधीही त्यासोबत गेली. अर्थात 'कमांड'चा व्ही फ्लॅगही निर्दोष नाही: उपनावे आणि शेलमधील फंक्शनेही तो सापडली म्हणून सांगतो. २०२२ मध्ये ग्नू ग्रेपच्या ३.८ आवृत्तीने 'ईग्रेप' या ग्रेपच्या जुन्या रूपावर तसाच इशारा छापला आणि चाचण्या कोलमडण्याचा प्रकार पुन्हा घडला.

साधन सापडले तरी त्याला हवे ते येते का, हा प्रश्न उरतोच. आवृत्ती विचारणे निरुपयोगी, कारण बीएसडी घराण्याचा सेड आवृत्ती सांगण्याचा फ्लॅगच ओळखत नाही. स्टॅटचा 'एफ' बीएसडीत मांडणी ठरवतो, तर ग्नूमध्ये फाइलऐवजी फाइलसिस्टिमची माहिती देतो. 'मॅकवर रीडलिंकला (दुव्यामागची फाइल दाखवणाऱ्या कमांडला) एफ फ्लॅग नाही' हे वर्षानुवर्षे खरे होते. २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ ने तो दिला, आणि अनेक स्क्रिप्टांनी पर्याय म्हणून वापरलेले पायथॉन २ त्याच अपडेटमध्ये काढून टाकले. यंत्रणेच्या नावावर विसंबलेल्या स्क्रिप्टा तिथे फसल्या. तात्पुरत्या फाइलवर फ्लॅग चालवून उत्तर ताडून पाहणाऱ्या तरल्या.

परीक्षेत साधन नापास झाले तर चाचणी वगळावी, हा संकेत ऑटोमेक या बिल्ड साधनाने एक्झिट कोड ७७ ने रूढ केला. त्याचीही दुसरी बाजू आहे: परीक्षाच चुकीची लिहिली असेल, तर चाचणी कायमची वगळली जाते आणि अहवाल हिरवाच दिसतो. प्रोग्रामरच्या लॅपटॉपवर अशी सूट समजण्यासारखी आहे, पण बिल्ड सर्व्हरवर कोणती साधने आहेत हे आपणच ठरवत असल्याने तिथे वगळलेली चाचणी अपयशातच धरायला हवी.