छोट्या पाणबुडीतला निरोप: अक्षरं पाठवायची की आकडे?

पाण्यातला ध्वनीचा वेग १८२६ मध्ये जिनिव्हाच्या सरोवरात घंटा वाजवून मोजला गेला. १९१४ च्या सुमाराला विजेवर चालणाऱ्या कंपकातून मोर्सचे टिंब आणि रेघा पाण्याखालून जाऊ लागल्या. बोलणं १९४५ च्या आसपास आलं, तेही ८.०८७५ किलोहर्ट्झवर आणि लष्करी पाणबुड्यांपुरतं. डायव्हरांच्या संचांनी पुढे ३२.७६८ किलोहर्ट्झ धरला आणि दोन-तीन माणसांच्या काही खासगी पाणबुड्यांनी तोच उचलला. लिखित निरोप मागे पडला तो असा.

तो परत आला पाण्यातून ध्वनीने बिट पाठवणाऱ्या डिजिटल मोडेममुळे. सुरुवातीला प्रत्येक उत्पादकाची भाषा वेगळी होती, एकाचा मोडेम दुसऱ्याला कळायचा नाही. २०१७ मध्ये एका लष्करी आघाडीने ‘जॅनस’ हे खुलं मानक मंजूर केलं: मध्य वारंवारिता ११.५२ किलोहर्ट्झ, पट्टा सुमारे ४.२ किलोहर्ट्झ, वेग सेकंदाला ८० बिट. हौशी रेडिओवाल्यांचा पीएसके-३१, म्हणजे टाइप केलेला मजकूर पाठवायची पद्धत, त्याआधीपासून होता. साउंडकार्डाला हायड्रोफोन (पाण्याखालचा मायक्रोफोन) जोडून तो पाण्यात चालवता येतो, पण त्याची रुंदी जेमतेम ३१ हर्ट्झ. पाणबुडी सेकंदाला एक मीटर सरकली, तरी ११.५ किलोहर्ट्झवरचा सूर जवळजवळ ८ हर्ट्झ हलतो, म्हणजे रुंदीच्या पावपट. जॅनस सूर बदलत उड्या मारतो, म्हणून तो टिकतो.

खरा वाद पुढचा: पाणबुडीतून वरच्या होडीला निरोप अक्षरांत टाइप करून पाठवायचा, की आधीच ठरवलेल्या निरोपाचा नुसता आकडा? जॅनसच्या मूळ पाकिटात, म्हणजे एका दमात जाणाऱ्या गठ्ठ्यात, ६४ बिट असतात आणि ते जायला सुमारे १.१ सेकंद लागतो. त्यातले ३४ बिटच आपल्या मजकुराला मिळतात. युनिकोडच्या नेहमीच्या मांडणीत देवनागरीचं एकेक चिन्ह २४ बिट खातं, कन्नडचंही तेवढंच. ‘मी वर येतोय’ एवढ्याला २३२ बिट लागतात. मूळ पाकिटामागे जास्तीचा माल जोडता येतो, पण हे वाक्य म्हणजे आणखी तीनेक सेकंद. त्यात चूक झाली की सगळं पुन्हा.

अक्षरवाल्यांचं उत्तर असं, की एका चिन्हाला एक बाइट देणारा स्वतःचा तक्ता करा, तेच वाक्य ८८ बिटांत बसतं. हे बरोबरच आहे. पण ते टाइप कोण करणार? चालकाचे दोन्ही हात जॉयस्टिकवर असतात आणि घाई असते तेव्हाच टाइपिंग चुकतं.

आकड्यांचा हिशेब साधा आहे: निरोपाचा क्रमांक ६ बिट (६४ निरोप), खोली अर्ध्या मीटरच्या टप्प्याने ८ बिट, बॅटरीची टक्केवारी ७, पाकिटाचा अनुक्रम ६. झाले २७. उरलेल्या सातांपैकी तीन निरोपांच्या तक्त्याच्या आवृत्तीला द्यावेत. होडीवर जुना तक्ता आणि पाणबुडीत नवा असला, तर १४ चा अर्थ इकडे ‘वर येतोय’ आणि तिकडे ‘इथेच थांबतो’ होऊ शकतो. बेळगाव-निपाणी पट्ट्यात आणखी एक सोय होते. होडीवरच्या पडद्यावर १४ कन्नडमध्ये उमटेल, आतल्या पडद्यावर मराठीत, आणि भाषेवरून तंटा नाही. ठरावीक निरोप आकड्यांत आणि मोकळी अक्षरं फक्त जास्तीच्या मालात, हीच मांडणी शहाणपणाची.

बेळगाव जिल्ह्यातल्या हिडकल किंवा नविलुतीर्थच्या जलाशयात (अर्थात परवानगी काढून) समुद्रापेक्षा वेगळ्या अडचणी येतात. पावसाळ्यातल्या गढूळ पाण्यात निळ्या-हिरव्या प्रकाशाचे मोडेम निरुपयोगी. उन्हाळ्यात वरचा तापलेला थर ध्वनी खाली वळवतो, म्हणून होडीचा ट्रान्सड्यूसर (ध्वनी सोडणारा आणि पकडणारा भाग) त्या थराखाली सोडावा. धरणाच्या भिंतीजवळ प्रतिध्वनी निरोपावर निरोप चढवतात. तिथून लांब जावं. तरंगत्या बोयावर ८६५–८६७ मेगाहर्ट्झचा लोरा संच (लांब पल्ल्याचा, कमी वेगाचा रेडिओ) बसवून खाली केबल सोडणं स्वस्त पडतं, मात्र बुडालेल्या झाडांच्या खुंटांत केबल अडकते.

बसवताना ट्रान्सड्यूसर हवेने भरलेल्या बॅलास्ट टाकीच्या (पाणबुडी वर-खाली करणाऱ्या टाकीच्या) आड येऊ देऊ नये. हवा ध्वनी अडवते. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर बुडबुडे चिकटतात, म्हणून उतरण्याआधी साबणाच्या पाण्याने पुसावं. हलमधून (पाणबुडीच्या कवचातून) वायर नेणारं स्टेनलेसचं फिटिंग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत करून मिळेल, पण ओ-रिंगच्या (पाणी अडवणाऱ्या रबरी कड्याच्या) खाचेवर आडवा ओरखडा राहिला तर गळती ठरलेली. निरोप हरवण्याचं एक नेहमीचं कारण मात्र घरचंच असतं: थ्रस्टरच्या (पाणबुडी ढकलणाऱ्या विजेच्या पंख्याच्या) कंट्रोलरचं स्विचिंग, म्हणजे वीज भराभर चालू-बंद करणं, बरेचदा ८ ते २० किलोहर्ट्झमध्ये असतं, थेट जॅनसच्या पट्ट्यात. निरोपाच्या वेळी थ्रस्टर बंद ठेवावेत.

शांतता म्हणजे ‘सगळं ठीक’ असं धरू नये. दर १५ मिनिटांनी हजेरी, प्रत्येक पाकिटाला पोच. लागोपाठ दोन हजेऱ्या चुकल्या की पाणबुडीने सावकाश वर यायचं आणि होडीने पंखा थांबवायचा. हे उतरण्याआधीच, किनाऱ्यावर ठरलेलं हवं.