राज्याचं सुप्रीम कोर्ट म्हणजे आपलं हायकोर्ट नव्हे

दोऱ्याने भुवया कोरायला 750 तासांचं प्रशिक्षण लागतं का? टेक्सास सरकारच्या मते लागायचं. आपल्याकडे गल्लीतल्या पार्लरमध्ये बसल्या बसल्या होणारं थ्रेडिंग तिथे परवान्याशिवाय बेकायदा ठरलं, नोटिसा निघाल्या. 2009 साली थ्रेडिंग करणारे आणि सलॉनवाले कोर्टात गेले. त्यांचा खटला लढवला 'इन्स्टिट्यूट फॉर जस्टिस'ने. 1991 पासूनची ही ना-नफा संस्था पक्षकाराकडून फी घेत नाही. 2015 मध्ये ते 6 विरुद्ध 3 मतांनी जिंकले. 750 पैकी 320 तासांपर्यंतच्या प्रशिक्षणाचा आरोग्याशी किंवा सुरक्षिततेशी संबंध नाही, हे सरकारनेच कबूल केलं होतं!

हा निकाल टेक्सासच्या सुप्रीम कोर्टाचा. म्हणजे तिथलं हायकोर्टच ना, असं आपल्याला वाटतं, आणि घोळ इथेच होतो. मुंबई हायकोर्ट आणि दिल्लीतलं सुप्रीम कोर्ट एकच राज्यघटना वाचतात. महाराष्ट्राची वेगळी घटना नाही. अमेरिकेत मात्र पन्नासही राज्यांना आपापली घटना आहे आणि तिचा अर्थ लावण्यात त्या राज्याच्या सुप्रीम कोर्टाचा शब्द अखेरचा. देशाच्या घटनेने दिलेले हक्क राज्याला कमी करता येत नाहीत, वाढवता मात्र येतात.

थ्रेडिंगवाल्यांनी म्हणूनच फक्त टेक्सासच्या घटनेचा आधार घेतला. देशाच्या घटनेवर विसंबले असते तर वाट अवघड होती. ओक्लाहोमातल्या चष्मेवाल्यांच्या 1955 च्या खटल्यापासून राजधानी वॉशिंग्टनमधलं देशाचं सुप्रीम कोर्ट व्यवसायावरच्या निर्बंधांना फार सैल हाताने तपासतं: कायद्यामागे एखादं पटण्याजोगं कारण कल्पता आलं तरी पुरे. टेक्सासच्या कोर्टाने त्यापुढे जाऊन विचारलं, नियम प्रत्यक्षात किती जाचक आहे?

घरांच्या बाबतीत हा फरक आणखी ठळक दिसतो. कनेक्टिकटमधल्या न्यू लंडन शहराने विकास प्रकल्पासाठी लोकांची घरं सक्तीने घ्यायचं ठरवलं. सुझेट केलोचं गुलाबी घर त्यातलंच. याच संस्थेने हा खटला वॉशिंग्टनपर्यंत नेला आणि 2005 मध्ये 5 विरुद्ध 4 ने हरली. पण त्याच निकालात न्यायमूर्ती स्टीव्हन्सनी लिहिलं होतं की राज्यांना यापेक्षा कडक मर्यादा घालायला आडकाठी नाही. साधारण वर्षभराने, जुलै 2006 मध्ये, ओहायोच्या सुप्रीम कोर्टाने ते करून दाखवलं. नॉरवुड शहराच्या खटल्यात, आर्थिक फायदा होईल एवढ्यावर घर हिसकावता येणार नाही, असा एकमताने निकाल लागला. वकील पुन्हा तेच.

तरी राज्याचं कोर्ट म्हटलं की नागरिकाच्या बाजूचं, असं धरून चालू नये. केलो वॉशिंग्टनला पोहोचली तीच मुळी कनेक्टिकटच्या सुप्रीम कोर्टात 4 विरुद्ध 3 ने हरून. ओहायोचा निकाल तिच्या कामी येणं शक्यच नव्हतं, घटनाच वेगळी. तिचं घर उचलून दुसरीकडे नेऊन उभारावं लागलं. आणि ज्या प्रकल्पासाठी एवढं रामायण झालं, त्याची जागा पुढे कित्येक वर्षं ओसाड पडून राहिली.