कोलेस्टेरॉलमुक्त तेल आणि गुलाबी मीठ

परवा एका मित्राने रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, 'आता अजून काय सोडू?' एलडीएल, ज्याला लोक 'वाईट कोलेस्टेरॉल' म्हणतात, १६८. सहा महिन्यांपूर्वी ते १५१ होतं. मधल्या काळात या गड्याने अंडी सोडली, दूध सोडलं, मासे सोडले, बाटलीवर ठळक अक्षरांत 'कोलेस्टेरॉलमुक्त' छापलेलं तेल आणलं आणि घरातलं आयोडीनयुक्त मीठ 'केमिकल' म्हणून फेकून देऊन गुलाबी मीठ सुरू केलं. एवढी तपश्चर्या करून आकडा वरच.

आधी त्या तेलाबद्दल. वनस्पतींच्या पेशींत कोलेस्टेरॉल जवळपास नसतंच, तिथे त्याचे चुलतभाऊ, म्हणजे फायटोस्टेरॉल असतात. त्यामुळे वनस्पती तेलावर 'कोलेस्टेरॉलमुक्त' लिहिणं म्हणजे पाण्याच्या बाटलीवर 'यात हाडं नाहीत' लिहिण्यासारखं आहे. खरं आहे, पण त्याचा उपयोग काय?

दुसरा गैरसमज असा की, खाल्लेलं कोलेस्टेरॉल थेट रक्तात जाऊन बसतं. शरीराला लागणारं बहुतेक कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच बनवतं. जेवणातून येतं ते त्या मानाने कमी, आणि त्यातलंही साधारण निम्मंच आतड्यातून शोषलं जातं. बाहेरून जास्त आलं की यकृत आपलं उत्पादन आवरतं. १९१३ साली निकोलाय आनिच्कोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत चरबीचे थर तयार करून दाखवले. प्रयोग फार महत्त्वाचा, पण ससा पडला शाकाहारी, कोलेस्टेरॉल पचवायची सवयच नाही. अंड्याच्या बलकाची बदनामी झाली त्यात या सशांचा थोडा वाटा आहे. अमेरिकेच्या २०१५च्या आहार मार्गदर्शनातून दिवसाला ३०० मिलिग्रॅम कोलेस्टेरॉलची मर्यादा काढून टाकली गेली. काही जणांचं आतडं इतरांपेक्षा जास्त शोषतं हे खरं, त्यामुळे रोज सहा अंडी खा असं मी म्हणत नाही.

मग एलडीएल वाढतं कशाने? इथे मला माझ्या आवडत्या यंत्रणेकडे वळू द्या.

एलडीएल म्हणजे कोलेस्टेरॉल नव्हे, कोलेस्टेरॉल वाहून नेणारा कण. रक्त पाण्यासारखं आणि कोलेस्टेरॉल मेणासारखं, म्हणून त्याला वेष्टनात बांधून न्यावं लागतं. एका कणात कोलेस्टेरॉल एस्टरचे साधारण १५०० रेणू आणि त्याभोवती एपोबी-१०० नावाचं एकच अजस्र प्रथिन. हे कण रक्तात जितके जास्त आणि जितकी जास्त वर्षं फिरत राहतील, तितके ते धमनीच्या अस्तरात घुसून अडकणार. म्हणून 'किती बनतात' याच्या इतकंच 'किती लवकर उचलले जातात' हेही महत्त्वाचं. उचलण्याचं काम मुख्यतः यकृत करतं.

कसं करतं, हे डॅलसच्या मायकेल ब्राऊन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७०च्या दशकात शोधलं. काही मुलांचं एलडीएल जन्मापासून सामान्याच्या सहापट किंवा जास्त असतं आणि त्यांना शाळेच्या वयात हृदयविकाराचा झटका येतो. या दोघांनी अशा मुलांच्या त्वचेच्या पेशी काचपात्रात वाढवल्या. निरोगी पेशींना एलडीएल दिलं की त्या स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं थांबवत. या मुलांच्या पेशी मात्र थांबतच नव्हत्या, कारण एलडीएल पकडून आत घेणारं प्रथिन, म्हणजे ग्राही (रिसेप्टर), त्यांच्या पृष्ठभागावर नव्हतंच. दारात माल पडलेला, घेणारं कोणी नाही. या कामाला १९८५चं नोबेल मिळालं.

निरोगी पेशीचा ग्राही कण पकडतो, पेशीचं पटल आत खचतं, पिशवी तयार होते, पिशवीत आम्लता वाढली की ग्राही कण सोडून देतो आणि पुन्हा पृष्ठभागावर हजर होतो. एक खेप साधारण दहा मिनिटांची, आयुष्य वीसेक तासांचं. म्हणजे एक ग्राही मोडीत निघण्याआधी शंभराहून जास्त खेपा मारतो.

हे हमाल किती नेमायचे, हे कोण ठरवतं? पेशीच्या आत पटलांचं एक जाळं असतं. त्यात एसआरईबीपी-२ नावाचं प्रथिन स्कॅप या दुसऱ्या प्रथिनाला बांधलेलं असतं. त्या पटलाच्या मेदांत कोलेस्टेरॉलचं प्रमाण साधारण ५ टक्क्यांच्या खाली घसरलं की स्कॅपचा आकार बदलतो आणि तो एसआरईबीपी-२ला गॉल्जी पिंडाकडे घेऊन जातो. तिथे दोन विकरं (एन्झाइम) एकापाठोपाठ एक त्याचे तुकडे करतात. सुटलेला तुकडा केंद्रकात शिरतो आणि बऱ्याच जनुकांना चालू करतो, त्यांतली दोन इथे महत्त्वाची: एक ग्राही बनवणारं, दुसरं कोलेस्टेरॉलच्या घरगुती उत्पादनातलं कळीचं विकर, एचएमजी-सीओए रिडक्टेज, बनवणारं. (स्टॅटिन औषधं हे विकर अडवतात. पेशीला तुटवडा जाणवतो, ती ग्राही वाढवते, रक्तातलं एलडीएल उतरतं.) नावं जड आहेत, विसरलात तरी चालेल. यकृताच्या पेशीला आत कोलेस्टेरॉल कमी पडलं की ती बाहेरचं उचलायला लागते, एवढं ठेवा.

ओट्स आणि बार्लीतल्या बीटा-ग्लुकन या तंतूची करामत याच दारातून होते. यकृत कोलेस्टेरॉलपासून पित्ताम्लं बनवतं. ती आतड्यात मेद पचवतात आणि जवळजवळ ९५ टक्के पुन्हा शोषली जाऊन यकृतात परततात. बीटा-ग्लुकनचा चिकट लगदा त्यातली काही धरून ठेवतो आणि शौचावाटे बाहेर नेतो. तूट भरायला यकृताला नवं पित्ताम्ल बनवावं लागतं, त्यात कोलेस्टेरॉल खर्ची पडतं, पुढची साखळी वर आलीच आहे. दिवसाला ३ ग्रॅम बीटा-ग्लुकनने एलडीएल साधारण ५ ते ७ टक्के उतरतं. चमत्कार नाही, पण खरं आहे. उलट 'रक्तवाहिन्या आतून धुऊन काढणारा' काढा जो विकतो, त्याला विचारावं की आतड्यातून धमनीत साबण नेमका कुठल्या वाटेने जातो.

संपृक्त मेद (सॅच्युरेटेड फॅट) याच यंत्रणेला उलट्या बाजूने ढकलतात, यकृतातल्या ग्राहींचं काम मंदावतं. त्यांच्या जागी असंपृक्त तेल आलं तर फायदा, साखर आणि मैदा आला तर ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली दुसरी चरबी, वाढून बसतात. ट्रान्स मेद तर एलडीएल वाढवतात आणि 'चांगलं' म्हणतात ते एचडीएलही घटवतात, त्यांच्याबद्दल दोन मतं नाहीत.

आता आयोडीन. त्याचा इथे संबंध काय, असं मित्रानेही विचारलं.

ग्राहीच्या जनुकावर आणखी एक हात असतो, थायरॉइड संप्रेरकाचा. त्याचं टी३ हे रूप यकृताच्या पेशीत शिरून ते जनुक जोरात चालवतं. थायरॉइड मंदावली की ग्राही घटतात आणि एलडीएल चढतं. संप्रेरक थेट मोजता येत नव्हतं तेव्हा डॉक्टर मंद थायरॉइड ओळखायला कोलेस्टेरॉलचा आधार घेत. मग कोलेस्टेरॉल उतरवायला थायरॉइडच्या गोळ्या का नकोत? ते करून झालंय. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत हृदयरुग्णांना थायरॉक्सिनचं (थायरॉइडचं दुसरं संप्रेरक, टी४) आरशातलं रूप, डेक्स्ट्रोथायरॉक्सिन, दिलं होतं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू वाढलेले दिसले आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तो भाग बंद करावा लागला.

हे संप्रेरक बनतं आयोडीनपासून. टी४च्या रेणूत आयोडीनचे चार अणू, टी३मध्ये तीन. प्रौढाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम लागतं, म्हणजे वर्षाकाठी ५५ मिलिग्रॅम, चमच्याच्या टोकावरची चिमूट. ते मिळतं समुद्री मासे, दूध, अंडी आणि आयोडीनयुक्त मिठातून. मित्राची यादी पुन्हा वाचा. त्याने चारही वाटा स्वतःच्या हाताने बंद केल्या होत्या.

'पण गुलाबी मीठ नैसर्गिक आहे, समुद्राचं आहे!' ठीक, हिशेब करू. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार आणि ५५ मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. ५ ग्रॅम मिठासाठी सुमारे १४० मिलिलिटर पाणी आटवावं लागेल. त्यातलं आयोडीन कणभरही न गमावता मिठात उतरलं असं धरलं तरी ते भरतं ८ मायक्रोग्रॅम. १५० पैकी ८! राहिलेली खनिजं मोजत बसायची तर बसा.

आयोडीन बाहेरून देण्याचा उपाय जुना आणि तपासलेला आहे. १९१७ साली ओहायोतल्या ॲक्रन गावी डेव्हिड मरीन आणि ओ. पी. किंबॉल यांनी शाळकरी मुलींना सोडियम आयोडाइड द्यायला सुरुवात केली. घेणाऱ्या सुमारे २२०० मुलींपैकी ५ जणींची थायरॉइड ग्रंथी वाढली, न घेणाऱ्या सुमारे २३०० पैकी जवळपास ५०० जणींची. स्वित्झर्लंडमध्ये १९२२पासून आयोडीनयुक्त मीठ आलं, मिशिगनमध्ये १९२४ला.

हृदयासाठी मीठ कमी करा म्हणतात, मग आयोडीन कमी पडणार नाही का? जागतिक आरोग्य संघटनेचा तोडगा सोपा आहे: लोक मीठ कमी खात असतील तर त्यात आयोडीन जास्त घाला. दिवसाला १० ग्रॅम मीठ धरलं तर किलोमागे २० मिलिग्रॅम, ५ ग्रॅम धरलं तर ३९. उलट टोकाला जाऊन समुद्री शेवाळाच्या गोळ्या मात्र खाऊ नयेत. आयोडीनचा अचानक पूर आला की थायरॉइड काही काळ संप्रेरक बनवणं थांबवते, आणि काहींची ती पुन्हा नीट रुळावर येत नाही.

मित्राला टीएसएच, म्हणजे थायरॉइड मंदावली की वाढणाऱ्या संप्रेरकाची तपासणी, करायला सांगितलं. मनातून मला वाटत होतं की वाढलेलं निघणार, आणि ही सगळी साखळी त्याला फोनवर ऐकवता येणार. आलं २.१, अगदी नॉर्मल. तसं ते येणारच होतं. ग्रंथीत काही महिने पुरेल इतका साठा असतो, आणि आयोडीन थोडं कमी पडलं तर ती जरा वाढून, टी४ ऐवजी टी३ जास्त बनवून निभावून नेते. खरा धोका गर्भवतीला, कारण तिची गरज २५० मायक्रोग्रॅम आणि बाळाचा मेंदू त्यावर अवलंबून. आयोडीनयुक्त मीठ परत आण, हे त्याला सांगितलंच.

मग एलडीएल कशाने वाढलं? दोन चाचण्यांत थोडा फरक एरवीही पडतो. तरी त्या तेलाच्या बाटलीचा मागच्या बाजूचा फोटो पाठव म्हटलं. फोटो आला. पुढे 'कोलेस्टेरॉलमुक्त', मागे बारीक अक्षरांत घटक: खोबरेल तेल. त्याखाली, १०० ग्रॅममागे संपृक्त मेद ८७ ग्रॅम.